पिसं काढायचं ड्रम मशीन: आठ महिने वापरल्यावर

मशीन घेताना वाटलं होतं, कोंबडी टाकायची, बटण दाबायचं, झालं. पहिल्याच दिवशी तिघींची कातडी फाटली आणि चौथीच्या पंखांवर अर्धी पिसं तशीच राहिली. मी विक्रेत्याशी फोनवर तावातावाने भांडलो. चूक माझ्या पातेल्यात होती.

मशीनमध्ये टाकण्याआधी कोंबडी गरम पाण्यात बुडवावी लागते. ते पाणी मी बोट बुडवून बघायचो. पण चटका ५५ अंशांनाही बसतो आणि ७० लाही, बोटाला त्यातला फरक कळत नाही. सगळा खेळ नेमका तिथेच आहे. उष्णतेने पिसाच्या मुळाभोवतीची पकड सैल होते. ५२-५३ अंशांत दोनेक मिनिटं बुडवलं तर कातडीवरचा पिवळा पापुद्रा टिकतो, पण पंख-शेपटीची पिसं हटून बसतात. ६० च्या आसपास पाऊण ते एक मिनिट ठेवलं की पापुद्रा जातो, पिसं मात्र झटकन सुटतात. ६५ च्या वर जरा रेंगाळलात की छातीचं मांस वरून शिजून पांढरट पडतं आणि ड्रममध्ये कातडी फाटते. मी ६१ वर स्थिरावलोय. थर्मामीटर आधी घ्या, मशीन नंतर.

रक्त पूर्ण निथळल्यावरच कोंबडी पाण्यात. पाय धरून खालीवर हलवत राहायचं, कारण पिसांत अडकलेली हवा पाणी मुळापर्यंत जाऊ देत नाही. भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकल्यापासून फरक पडला, तेलकट पिसं लगेच भिजतात. पंखाचं एक मोठं पीस ओढून बघा. विनातक्रार हातात आलं की बाहेर. आणि दर दोन-तीन कोंबड्यांनी पाणी थंडावतं, हे मला फार उशिरा उमगलं.

मग मशीनचं काम उरतं वीसेक सेकंदांचं, वरून पाण्याची धार चालू ठेवून. जास्त वेळ फिरवलं तर पंखाची हाडं मोडतात.

ड्रमच्या आत पिसं ओढून काढणारी रबरी बोटं असतात, त्यातली सात बदलली. आधी बुडाशी बारीक चिरा पडतात, मग एक दिवस तुकडा थेट पिसांच्या ढिगात सापडतो. नवं बोट साबणाचं पाणी लावून भोकात घालायचं आणि पलीकडून पकडीने खेचायचं. पहिल्यांदा अर्धा तास गेला, आता दोन मिनिटं.

पिसं झडून नवी येण्याच्या काळातली कोंबडी घेऊच नका. कोवळे कोंब मशीनला दाद देत नाहीत, चिमट्याने एकेक उपटत बसावं लागतं. बदकांचंही तेच: पाणी जास्त गरम लागतं, तरी आतली लव राहतेच. त्यासाठी वितळलेल्या मेणात बुडवून, गार पाण्यात घट्ट करून, मेण सोलून काढतो.

एक राग अजून आहे. सतत पाणी उडणाऱ्या या मशीनसोबत करंट गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर दिला नव्हता. हाताला मुंग्या आल्यावर मी तो स्वतः बसवून घेतला.