समानार्थी म्हणे! एका थिसॉरस अ‍ॅपचा अनुभव

अनुवाद हा माझा पोटापाण्याचा उद्योग. मराठीतून इंग्रजीत जाताना शब्द जिभेवर येऊन अडतो, म्हणून समानार्थी शब्द सुचवणारं हे अ‍ॅप घेतलं. आठ महिने रोज वापरलं. शोध झटपट, अक्षर मोठं, नेट नसतानाही चालतं. कौतुक एवढंच.

बिनसलं ते एका कथेवरून. कागदावर सही केली तर बाईचं घर जातं, नाही केली तर भाऊ तुटतो. 'धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं,' म्हणते ती. मी अ‍ॅपमध्ये 'डिलेमा', म्हणजे पेच, टाकलं. क्वॉन्डरी, प्रेडिकमेंट, इम्पास, स्टेलमेट, पिकल, क्वॅगमायर, हॉब्सन्स चॉइस, मॉर्टन्स फोर्क, कॅच-२२... सगळे एका रांगेत, जणू कुठलाही उचला, भाव एकच. मी उचलला हॉब्सन्स चॉइस. दिसायला भारदस्त ना! संपादकांचा शेरा आला: 'ताई, हिच्यापुढे दोन वाटा आहेत. हॉब्सनच्या गिऱ्हाईकापुढे एकच असायची.'

बरोबरच होतं. टॉमस हॉब्सन केंब्रिजला घोडे भाड्याने द्यायचा. १६३१ साली वारला. चांगल्या घोड्यांवर सगळ्यांची उडी पडून ते दमतात, म्हणून त्याने नंबर लावले. दाराजवळचा घोडा घ्या, नाहीतर पायी जा. निवड नावापुरती. मॉर्टन्स फोर्क याच्या अगदी उलट. इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याचा चॅन्सलर जॉन मॉर्टन याच्या नावावर पैसे उकळायची ही युक्ती सांगतात: थाटात राहणाऱ्याला म्हणायचं, पैसा दिसतोच आहे, काढा, काटकसर करणाऱ्याला म्हणायचं, साठवलं असणारच, काढा. वाटा दोन, आणि दोन्हींच्या टोकाला हात पसरून उभा तोच माणूस. अ‍ॅपने या दोघांना शेजारी बसवलंय आणि फरकाची एक ओळसुद्धा दिलेली नाही.

स्टेलमेटचीही तीच गत. बुद्धिबळात राजाला शह नाही, पण नियमात बसणारी एकही खेळी उरली नाही की डाव बरोबरीत सुटतो. हरत आलेला माणूस चक्क वाचतो! माझ्या कथेतल्या बाईची अवस्था जास्त जुळते ती बुद्धिबळातल्याच त्सुगत्स्वांगशी: खेळी करणं भाग, आणि जी करू तिने आपलंच नुकसान. तिचं गप्प बसणंही उत्तरच ठरणार होतं. जर्मनमधून आलेला हा शब्द इंग्रजीत केव्हाचा रुळलाय. अ‍ॅपमध्ये शोधला तर म्हणे, 'तुम्हाला झिगझॅग म्हणायचंय का?' अर्थात तिच्या तोंडी तो शोभलाही नसता. शेवटी 'डॅम्ड इफ आय डू, डॅम्ड इफ आय डोन्ट' (केलं तरी मेले, नाही केलं तरी मेले) लिहिलं, आणि ते खपलं. हा वाक्प्रचार अ‍ॅपमध्ये नाही. अख्खे वाक्प्रचार तिथे जवळजवळ नाहीतच, आणि माणसं पेचात सापडली की बोलतात ती मात्र वाक्प्रचारांत.

पिकल तर घरगुती, थट्टेतला शब्द. त्याच्यापुढे तशी खूणही नाही. कुणी शोकसंदेशात वापरला तर काय घ्या!

कॅच-२२ पुढे अर्थ दिलाय 'अडचण'. अहो, अडचण कसली? जोसेफ हेलरच्या १९६१ च्या कादंबरीत वैमानिकाला वेडा ठरला तरच युद्धातल्या उड्डाणांतून सुटका मिळते. पण सुटका मागितली की तो शहाणा ठरतो, कारण जिवाला जपणं हे शहाणपणाचंच लक्षण. म्हणजे सुटकेचं दार उघडायची अटच दाराला कुलूप घालते. आपल्याकडे हे आयतं आहे: वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. दोन्हीकडे वेडच निघालं, याची मला अजून गंमत वाटते. (हेलरच्या मनात आधी आकडा १८ होता. त्याच वर्षी लिऑन युरिसची 'मिला १८' ही कादंबरी येत होती म्हणून बदलला. नाहीतर आज आपण कॅच-१८ म्हणत बसलो असतो.)

नुसतं स्पेलिंग बघायचं असेल तर घ्या. ज्याला शब्द निवडायचाय त्याने अर्थ समजावणारा जाड कोश शेजारी ठेवावा.

माझे दोन तारे. वर्गणी बंद करायला गेले तर 'आधी अ‍ॅप अपडेट करा' असं येतं, आणि अपडेट करायला गेलं की 'आधी वर्गणी वाढवा'.