दार आता दोन बोटांनी लागतं: बिजागऱ्या घरी दुरुस्त केल्यावरचे आठ महिने

माझ्या जुन्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार लावायचं म्हणजे आधी उचलायचं, मग ढकलायचं, आणि तरी दोनदा आपटायचं. मी लॅचला, म्हणजे दार अडकवणाऱ्या कळीला, दोष देत होतो. स्ट्रायकर (लॅच ज्यात अडकतो तो चौकटीवरचा खुंट) थोडा खाली घे, असं बऱ्याच जणांनी सांगितलं, तसा घेतलाही. दार लागायला लागलं, पण मागची कड शेजारच्या पत्र्याच्या रेषेखाली लोंबत होती ती होतीच, आणि पावसाचं पाणी वरच्या कोपऱ्यातून आत येत होतं ते येतच राहिलं.

झिजल्या होत्या बिजागऱ्या. हे तपासायला कुठलंही हत्यार लागत नाही. दार अर्धं उघडा, मागच्या कडेखाली हात घालून वर उचला आणि नजर वरच्या बिजागरीवर ठेवा. माझी पिन बुशमध्ये, म्हणजे ती ज्यात फिरते त्या छोट्या नळीत, डुलताना स्पष्ट दिसली. दोन बिजागऱ्यांमधलं अंतर 35 सेंमी आणि दाराची लांबी साधारण 1 मीटर, म्हणजे बिजागरीत 1 मिमी ढिलेपणा आला की मागची कड जवळपास 3 मिमी खाली बसते. माझं दार 5 मिमी उतरलं होतं. पिन काढून व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं साधन) लावला, तर न झिजलेल्या टोकाला 8 मिमी आणि बुशच्या जागी 7.4. बुशचं भोक गोल राहिलंच नव्हतं, पार लांबुळकं झालेलं.

पिन बाहेर काढणं हे यातलं सगळ्यात चिवट काम. दोन रात्री गंज सोडवणारं तेल मुरू दिलं, दाराखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने भार घेतला, मग सुंभा (ठोकायची पोलादी दांडी) लावून खालून ठोकली. बिजागरी चौकटीच्या खांबावरून सोडवायची वेळ आलीच, तर आधी तिच्याभोवती टोकदार सुईने रेघ मारून घ्या आणि सगळे स्क्रू एकदम काढू नका. दुसऱ्या बाजूच्या दाराला मी सगळे एकदम काढले. आतली आटे पाडलेली पट्टी सैल असते, ती खांबाच्या पोकळीत पडली. लांब दांड्याच्या चुंबकाने ती वर आणेपर्यंत माझा अर्धा दिवस गेला.

पहिल्यांदा मी तेल मुरवलेले सच्छिद्र ब्राँझचे बुश बसवले. पिन घट्ट जात होती म्हणून रीमर (भोक किंचित मोठं करणारं हत्यार) फिरवला, आणि चूक झाली ती तिथेच. रीमरने आतला पृष्ठभाग घासला की तेल सोडणारी छिद्रं बुजतात. तिसऱ्या महिन्यात खालची बिजागरी करकरायला लागली. पिन काढली तर अगदी कोरडी, आणि तिच्यावर ओरखडे उठलेले. मग घन, म्हणजे छिद्रं नसलेले, गनमेटलचे (ब्राँझचाच एक प्रकार) बुश घेतले, रीमरने नीट बेतले, आत ग्रीससाठी बारीक खाच पाडली आणि पिनाही नव्या घातल्या. त्याला आता पाच महिने होत आले. दार उचलून पाहिलं तर हाताला काही जाणवत नाही. महिन्याला एकदा तेलाचा थेंब सोडतो, बाकी काही नाही.

स्ट्रायकर मी सगळ्यात शेवटी मूळ जागी आणला, आणि माझ्या मते क्रम हाच असावा. बिजागरी ढिली असताना स्ट्रायकर हलवला की लॅचची जीभ एकाच बाजूने घासते आणि चांगला लॅचही खराब होतो. माझ्या लॅचमध्ये फक्त जुनं ग्रीस वाळून दगड झालं होतं. रॉकेलमध्ये धुतला, मोकळा झाला.

हँडलच्या बाबतीत मात्र हात टेकले. ते जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असल्याने क्रोमखाली खड्डे पडलेले, आणि पॉलिशने ते आणखी उघडे पडतात. घासून रंग दिला, तोही दोन महिन्यांत फुगला. त्यापेक्षा खड्डे न पडलेलं दुसरं शोधणं बरं, मी अजून शोधतोय.

खाली गेलेली कड आता शेजारच्या पत्र्याच्या रेषेला लागते आणि वरपासून खालपर्यंत फट 4 मिमी, सगळीकडे सारखी. यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी दाराजवळची चटई उचलून खाली हात फिरवला. पत्रा कोरडा होता.