शेंगदाणा, करडई, खोबरेल की तूप? घरातलं तेल निवडताना

परवा काकांचा लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेलं: १६८. संध्याकाळपर्यंत घरात तीन पक्ष पडले. एक म्हणे तूप बंद, दुसरा म्हणे करडई आणा, तिसऱ्याचं म्हणणं, कोकणात पिढ्यान् पिढ्या खोबरेल खाल्लंय, तेच आणा. वाण्याची यादी द्यायची होती, म्हणून मी नीट बसून हे सगळं तपासलं.

आधी जानेवारीतल्या सकाळी फळीवरच्या बाटल्या आठवा. खोबरेल पांढरंशुभ्र गोठलेलं, तूप रवाळ, शेंगदाणा तेल जरा गढूळ, करडई मात्र पाण्यासारखी वाहती. तेल-तूप ज्यांचं बनतं त्या मेदाम्लांपैकी संपृक्त मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असतात, एकमेकींना लगटून बसतात, म्हणून तेल गोठतं. असंपृक्ताच्या साखळीत बाक असतो, ती तशी बसत नाही. खोबरेलात संपृक्त मेद ८५ टक्क्यांच्या आसपास, तुपात ६० च्या वर, शेंगदाणा तेलात २० च्या आत, करडईत १० च्या आत.

हे महत्त्वाचं का? यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर, म्हणजे जणू आकडे असतात. लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक ही संपृक्त आम्लं जास्त झाली की ते काम मंदावतं आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. बहुअसंपृक्त मेदाने, म्हणजे साखळीत एकाहून जास्त बाक असलेल्या मेदाने, उलट होतं.

खोबरेलाच्या बाजूने एक मुद्दा हमखास येतो: त्याने एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉलही वाढतं. खरंच वाढतं. पण नुसतं एचडीएल वाढवून हृदयविकाराचे झटके कमी होतात, हे औषधांच्या चाचण्यांत दिसलेलं नाही. एलडीएलचं मात्र तसं नाही, ते उतरलं की धोका उतरतो. एलडीएल वाढलेल्या माणसाच्या रोजच्या फोडणीला खोबरेल नको, असं माझं स्पष्ट मत आहे. माशाच्या कालवणात ओलं खोबरं अधूनमधून पडलं तर मी भांडणार नाही.

खरी चुरस करडई आणि शेंगदाण्यात आहे. करडईच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल, म्हणजे बहुअसंपृक्त मेदच. एलडीएल उतरवायला या चौघांत सर्वांत जोरकस तेच. मग सरळ करडईच का नको? सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात हृदयरुग्ण पुरुषांना संपृक्त मेदाऐवजी करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन (लोण्यासारखा घट्ट मेद) दिलं होतं. कोलेस्टेरॉल उतरलं, मृत्यू मात्र त्या गटात जास्त झाले. जुन्या नोंदी काढून केलेलं हे विश्लेषण २०१३ मध्ये छापून आलं. दुसरीकडे, सोयाबीनसारखी तेलं वापरलेल्या इतर चाचण्यांत हृदयविकार कमी झाला आणि २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्ताऐवजी बहुअसंपृक्त मेद घ्या हाच सल्ला दिला. सोयाबीन तेलात थोडं ओमेगा-३ (वेगळ्या जातीचं बहुअसंपृक्त मेदाम्ल) असतं, करडईत जवळपास नाहीच. म्हणून मी एकट्या करडईवर भार टाकत नाही. शेंगदाणा तेलात निम्मं ओलेइक आम्ल (साखळीत एकच बाक असलेलं) असतं, तळणीत ते करडईपेक्षा टिकतं, शिवाय आपल्या भाज्यांना त्याचीच चव हवी. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी आहे, मोहरीचं तेल रुचत असेल तर तेही.

वनस्पती तुपावर वेळ घालवायला नको. त्यात तेल घट्ट करताना तयार होणारा ट्रान्स मेद एलडीएल वाढवतो आणि एचडीएल पाडतो. जानेवारी २०२२ पासून भारतात त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. पण खारी-बिस्किटांत आता त्याच्या जागी बहुधा पाम तेल असतं आणि ते निम्मं संपृक्त.

एक चूक मात्र घरोघरी होते. तूप बंद करतात आणि त्या जागी दोन पाव किंवा साखरेचा शिरा येतो. तसं केल्याने हृदयाला काहीच फायदा नाही. एका चमचा तुपात जेमतेम ३ ग्रॅम संपृक्त मेद. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात १८ ग्रॅमच्या आसपास. वरणभातावरच्या तुपाआधी दुधाच्या पातेल्याकडे बघा.

काकांना गोळी लागेल का, ते डॉक्टर रक्तदाब, साखर, वय सगळं पाहून ठरवतील. पुढच्या आठवड्यात मी त्यांना घेऊन जातेय.

आमच्या घरी चार माणसांना महिन्याला पाच लिटरचा डबा लागायचा, म्हणजे माणशी रोज ४० मिलीच्या वर. या महिन्याची यादी अशी गेली: शेंगदाणा तेल १ लिटर, करडई १ लिटर, जवस पाव किलो, तूप पाव किलो. दूध गाईचं.