पिकअपला सिंगल की ड्युअल सायलेन्सर: नऊ महिन्यांचा वापर

गाडी चार सिलिंडरची टर्बो डिझेल पिकअप, बीएस-६. पहिले पाच महिने अडीच इंची ड्युअल, नंतरचे चार तीन इंची सिंगल. दोन्ही डीपीएफच्या, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, मागून बसवलेले. डीपीएफला हात लावलेला नाही, लावूही नये.

आमचं मत सिंगलच्या बाजूने. या इंजिनाला टर्बो एक आणि त्यातून निघणारा पाइपही एकच. मागे ‘Y’ आकाराचा सांधा जोडून त्याची दोन तोंडं केली, तरी धूर आधी त्याच एका नळीतून येतो. व्ही-८ इंजिनात सिलिंडरच्या दोन ओळी असतात आणि दोन्ही अंगांना धूर गोळा करणारे वेगळे मॅनिफोल्ड असतात, तिथे ड्युअलला अर्थ आहे. इथे तो नुसता थाट. कसारा घाटाच्या चढावर ओढीत काडीचाही फरक जाणवला नाही.

फरक पडतो वजनात. दीड मिलिमीटर जाडीचा तीन इंची स्टेनलेस पाइप मीटरला साधारण २.८ किलो, अडीच इंचीचे दोन मिळून ४.६. वर मफलरही (आवाज दाबणारा डबा) दोन. शिवाय दुसरा पाइप स्टेपनी आणि पाट्यांच्या (पट्टीच्या स्प्रिंगच्या) मधून वळवत न्यावा लागतो. रिकाम्या गाडीखाली दिसणारी फट फसवी असते. द्राक्षांचे क्रेट भरले की पाटे दबतात, ॲक्सल वर येतो आणि खड्ड्यात पाइपावर आदळतो. मापं भरलेल्या गाडीवरच घ्या.

खरी गोम हँगरमध्ये, म्हणजे पाइप चॅसिसला टांगणाऱ्या आधारांत. तीन मीटरचा स्टेनलेस पाइप ३०० अंशांनी तापला की सुमारे १५ मिलिमीटर लांबतो. हँगर ताठ वेल्ड केले, तर हा ताण फ्लँजजवळच्या (बोल्टने जोडायच्या कडेजवळच्या) सांध्यावर येतो आणि तिथेच केसाएवढी चीर पडते. डीपीएफच्या मागे जाळीचा फ्लेक्स (लवचीक नळीचा तुकडा) आणि मागेपुढे सरकू देणारे रबर हवेतच. नाशिकच्या अंबड-सातपूरला आर्गॉन वेल्डिंग सहज होतं, पण पाइपाच्या आतूनही आर्गॉन वायू सोडायला सांगा. नाहीतर सांध्याच्या आतल्या बाजूला काळी, साखरेसारखी खरबरीत कड धरते आणि सांधा तिथून कुजतो.

सिंगलचा दोष एकच: १८०० ते २००० आरपीएमला केबिनमध्ये घुमणारा आवाज. मुंबई-आग्रा रस्त्यावर तासाभरात डोकं उठतं. मफलरच्या पुढे दीड फुटी रेझोनेटर (घुमणारा आवाज मारणारा जादा डबा) टाकल्यावर बराच बसला. तो वगळून पैसे वाचवू नका, कारण मोठ्या आवाजाबद्दल मोटार वाहन कायद्याच्या १९०(२) कलमाखाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पावसाळ्यात गंगापूर रोडवरच्या छोट्या फेऱ्यांत पाइप पुरता तापत नाही, पाणी मफलरमध्ये साचतं. सर्वांत खालच्या जागी ३ मिलिमीटरचं भोक पाडून घ्या. ५०० किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा, मात्र गाडी थंड असताना.