मोफत रक्त तपासणी शिबिर आणि ७,८०० रुपयांच्या कॅप्सूल

घरात हार्ट पेशंट असेल तर हे वाचाच. नाशिकला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत रक्त तपासणी शिबिर लागलं होतं, अण्णा गेले आणि येताना क्वेर्सेटिन नावाच्या कॅप्सूलच्या तीन डब्या घेऊन आले, ७,८०० रुपये. अण्णांना स्टेंट टाकून वर्षही झालं नाहीये, इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू आहेत, आणि शिबिरात कॅप्सूल विकणाऱ्या पोराने सांगितलं काय, तर काका, रक्त पातळ करायच्या गोळ्या आता हळूहळू बंद करा, हे नॅचरल आहे. इथे माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जाऊन बसले. बोटाला सुई टोचायची, थेंब काचपट्टीवर, वर दुसरी काच, मायक्रोस्कोप मोठ्या टीव्हीला जोडलेला. पहिला थेंब ठेवला की हा गडी तेल, टेन्शन, मैदा यावर भाषण ठोकतो, दिवा चालूच, थेंब तसाच पडलेला. मग स्क्रीनवर दाखवतो, लाल पेशी एकावर एक, भाकरीच्या चवडीसारख्या. "बघा किती घट्ट झालंय रक्त!" मग एक कॅप्सूल, ग्लासभर पाणी, वीसेक मिनिटं खुर्चीत, आणि दुसरा थेंब मात्र काच चांगली दाबून लगेच बघायचा. सगळ्या पेशी सुट्ट्या! लोक टाळ्या वाजवतात.

वहिनी लॅब टेक्निशियन आहे, ती ऐकून हसायलाच लागली. म्हणे याला रुलो म्हणतात, थेंब जाड असला किंवा जरा वेळ तसाच राहिला तर तुझ्या माझ्या रक्तातही दिसतं, पातळ पसरवून लगेच बघितलं की नाही दिसत. म्हणजे रक्त खरं, टीव्ही खरा, चलाखी फक्त काचेवर. आणि स्टेंटमध्ये गुठळी धरायला सुरुवात करतात त्या प्लेटलेट्स, त्या लाल पेशींहून कितीतरी लहान, त्यांचं तर त्याने नावही काढलं नाही.

शिबिरात मग मोबाईलवर व्हिडिओ, काचेच्या बशीत हृदयाच्या पेशी धडधडतायत, "आपल्या प्रॉडक्टची कमाल". अहो, हृदयाच्या स्नायूच्या पेशी बशीत ठेवल्या तरी आपल्या आपण धडधडतात, उंदराच्या पिल्लाच्या सुद्धा.

क्वेर्सेटिन खोटं नाहीये. कांद्यात, सफरचंदात, चहात असतं, लाल कांद्याच्या वरच्या पापुद्र्यांत तर भरपूर (लासलगाव शेजारी असताना आम्ही ते डबीतून विकत घ्यायचं म्हणजे कमालच). लॅबमध्ये ते प्लेटलेट्सचं चिकटणं कमी करतं हेही खरं, पण तिथे ते थेट पेशींवर ओततात, आणि पोटातून मात्र फार थोडं रक्तात जातं, त्यातलंही बहुतेक आतडं आणि लिव्हर लगेच बदलून टाकतात. वीस मिनिटांत रक्त सुटं होणं तर सोडाच.

अण्णांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्टेंटनंतर गोळ्या मनाने बंद केल्या तर गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो, आणि गोळ्या चालू ठेवून वर हे मोठ्या डोसमध्ये घेतलं तर रक्तस्रावाची भीती, वॉरफेरिन (रक्त पातळ करायचंच दुसरं औषध) घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये. नशीब, अण्णांनी गोळ्या सोडल्या नव्हत्या.

डबीवर बारीक इंग्रजीत लिहिलंय, औषधी वापरासाठी नाही. तोंडाने मात्र सांगतात, याने ब्लॉकेज उघडतात. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेची सरकारी संस्था) १४ अंकी नंबर दाखवून "सरकारमान्य" म्हणतात, पण तो खाद्यपदार्थाचा परवाना, हार्ट बरं होतं असा दाखला नव्हे. हृदयरोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

पैसे परत मागितले तर सील न फोडलेल्या एकाच डबीचे दिले, तेही आवाज चढवल्यावर. बाकीच्यासाठी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर, तक्रार केलीय, अन्न व औषध प्रशासनालाही अर्ज दिलाय. पावतीवर कॅप्सूलचं नावच नाही, नुसतं "वेलनेस किट". त्यामुळे तुमच्याकडच्या कुणी पैसे भरले असतील तर यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि डबीचा फोटो आजच काढून ठेवा, बॅच नंबर दिसेल असा.