बोर्ड-प्रोसेसर नवे: विंडोज जुनीच चालवायची की कोरी टाकायची?

खान्देशात सध्या कॉम्प्युटरचा बोर्ड (मदरबोर्ड) आणि प्रोसेसर बदलायला दोनच कारणं पुरतात. पहिलं उन्हाळा आणि विजेचा लपंडाव. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, पत्र्याच्या गाळ्यात मशीन दिवसभर तापतं, आणि एखाद्या दुपारी वीज जाता-येता झटका बसून बोर्ड उडतो. दुसरं कारण विंडोज ११. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नवीन विंडोजला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) लागतं, शिवाय प्रोसेसर इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा हवा. त्यामुळे ठणठणीत चालणारा चौथ्या पिढीचा आय-३ सुद्धा बाजूला काढावा लागतो.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून नवा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम आणली, जुन्या कॅबिनेटमध्ये बसवली, की बसवणारा विचारतो, "भाऊ, विंडोज नवी मारू का?" त्याला हो म्हणण्याआधी सी ड्राइव्हमध्ये काय-काय आहे ते बघा. निर्णय मशीनवर कमी आणि त्या ड्राइव्हवर जास्त अवलंबून आहे.

माझं मत आधीच सांगतो. पोटापाण्याच्या मशीनवर कोरी विंडोज टाकावी, तीही नव्या एसएसडीवर, आणि जुनी डिस्क हात न लावता जपून ठेवावी. मात्र काही जणांसाठी जुनीच चालवणं खरंच सोयीचं आहे.

जुनी विंडोज तशीच

विंडोज ७च्या काळात डिस्क दुसऱ्या बोर्डला लावली की बहुतेक वेळा निळा स्क्रीन यायचा. १० आणि ११ बऱ्याच समजूतदार आहेत. पहिल्यांदा चालू करताना 'गेटिंग डिव्हायसेस रेडी' असं येतं, टक्के चढत जातात, मशीन एखाद्या वेळी स्वतःच रीस्टार्ट होतं, आणि मग तोच डेस्कटॉप समोर येतो. आयकॉन जागच्या जागी, प्रिंटर लावलेला, टॅलीत कंपनी दिसते आहे. ज्याच्याकडे जुन्या सॉफ्टवेअरची सीडी नाही, कीही नाही, त्याला हे फार मोलाचं आहे.

अडचणी येतात त्या मुख्यतः तीन ठिकाणी. जुनं मशीन लेगसी बायोसवर (मशीन सुरू करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरवर) चालत असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असते, आणि अलीकडचे इंटेल बोर्ड आतल्या ग्राफिक्सवर लेगसी बूट देतच नाहीत. डिस्क शाबूत असते, डेटा असतो, पण विंडोज उठत नाही. यावर उपाय विंडोजमध्येच आहे. एमबीआर२जीपीटी नावाची कमांड डेटा न पुसता डिस्कची मांडणी नव्या जीपीटी पद्धतीची करते. आधी 'व्हॅलिडेट' करून बघायचं, मग 'कन्व्हर्ट'. पण हे जुना बोर्ड जिवंत असतानाच करून घेतलेलं बरं, आणि बॅकअप घेतल्याशिवाय तर नाहीच.

दुसरी अडचण डिस्कच्या मोडची, म्हणजे बोर्ड डिस्कशी कसा बोलतो त्याची. जुन्या बायोसमध्ये साटा एएचसीआय असेल आणि नव्यात रेड किंवा व्हीएमडी चालू असेल, तर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' लिहिलेला निळा स्क्रीन येतो. बायोसमध्ये मोड जुन्यासारखा केला की बहुधा सुटतं.

तिसरी सगळ्यात महाग पडणारी: बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. त्याची किल्ली टीपीएममध्ये असते, आणि टीपीएम बोर्ड-प्रोसेसरबरोबर गेलं. मग स्क्रीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली तर ठीक, नाहीतर डेटा परत मिळत नाही. नव्या लॅपटॉपवर आणि अलीकडे टाकलेल्या विंडोज ११वर हे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू झालेलं असू शकतं. म्हणून खोलण्याआधी सेटिंग्जमध्ये बघून घ्या, की कागदावर लिहून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा.

शिवाय जुन्या बोर्डाचे ड्रायव्हर आणि त्याची सॉफ्टवेअरं आत पडून राहतात. कधी काही जाणवत नाही, तर कधी आठवड्यानं साउंड जातो, आणि कारण सापडत नाही. दुकानाच्या मशीनवर मला ही अनिश्चितता पटत नाही.

कोरी विंडोज

मशीन स्वच्छ, वेगवान आणि अंदाजात राहतं. किंमत मोजावी लागते ती आधीच्या तयारीत. सावद्याच्या केळी व्यापाऱ्याचं उदाहरण घ्या. त्याच्या टॅलीत शेतकऱ्यांची खाती आहेत. डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला म्हणजे झालं असं त्याला वाटतं. पण टॅलीचा परवाना त्या मशीनशी बांधलेला असतो. आधी टॅलीतून तो सरेंडर (परत जमा) करावा लागतो, तरच नव्यावर सरळ चालू होतो. डिजिटल सहीचं सर्टिफिकेट यूएसबी टोकनमध्येच असतं, त्याला धोका नाही. टोकनचा ड्रायव्हर आणि जीएसटीसाठीचा ईएमसाइनर (सही करणारा प्रोग्राम) मात्र पुन्हा टाकावा लागतो.

डीटीपीवाल्यांनी (छपाईचा मजकूर जुळवणाऱ्यांनी) फॉन्टचं फोल्डर आठवणीनं कॉपी करावं. कृतिदेव फॉन्ट नसलेल्या मशीनवर जुनी लग्नपत्रिका उघडली, की वधू-वरांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांची भेळ दिसते. श्रीलिपी या फॉन्ट-सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्याची चावी) असेल तर तो जपा आणि त्याचं सेटअप कुठं आहे ते आधी शोधा.

टाकताना दोन जागी लोक अडतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे काही बोर्डांवर इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. एसएसडी खराब नसते. व्हीएमडीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यायचा किंवा बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं. दुसरं, विंडोज ११ सेटअपमध्येच इंटरनेट मागते आणि नव्या बोर्डाच्या लॅन-वायफायचा ड्रायव्हर तिच्याकडे नसतो. मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, की बहुतेक वेळा काम पुढं सरकतं.

ॲक्टिव्हेशन दोन्हीकडे

इथं दोन्ही वाटा सारख्याच आहेत, कारण विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः बोर्डाला बांधलेला असतो. परवाना कुठला आहे ते कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएलएमजीआर /डीएलआय' दिल्यावर कळतं. रिटेल, म्हणजे सुटा विकत घेतलेला, असेल तर तो नव्या बोर्डावर नेता येतो. जुन्या मशीनवरच तो मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवा. मग नव्यावर ट्रबलशूटरमध्ये 'नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडायचा. ओईएम असेल, म्हणजे ब्रँडेड मशीनबरोबर आलेला, तर तो जुन्या बोर्डाबरोबर संपला असं धरून नव्या परवान्याचे पैसे बजेटमध्ये घ्या. विंडोज ७ किंवा ८ची जुनी की टाकून नवी विंडोज चालू करण्याची सोयही मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३मध्ये बंद केली. क्रॅकचा पर्याय मी तुलनेत धरतच नाही. तो अँटिव्हायरस बंद करायला लावतो, आणि त्याच मशीनवरून तुम्ही बँकेत लॉगिन करता.

मधली वाट, आणि लिनक्स

जुनी विंडोज नव्या बोर्डावर उठली पण कुरकुरते आहे, तर चालू विंडोजच्या आतून सेटअप चालवून 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' निवडता येतं. प्रोग्राम टिकतात, सिस्टिम नव्यानं बसते. 'रीसेट धिस पीसी' याच्याशी गल्लत करू नका. त्यात फाइल्स राखल्या तरी टाकलेले प्रोग्राम जातात.

उबंटू किंवा मिंट वापरत असाल तर हा प्रश्न फारसा उरत नाही. ड्रायव्हर कर्नलबरोबरच (सिस्टिमच्या गाभ्याबरोबरच) येतात, डिस्क लावली की सहसा उठते. बूटची नोंद जुन्या बोर्डावर राहिलेली असते, ती कधी पुन्हा करावी लागते, आणि एनव्हीडियाचं कार्ड नवं-जुनं झालं असेल तर त्याचा ड्रायव्हर बदलावा लागतो.

कोणी काय करावं

अभ्यास, सिनेमे आणि गेमसाठी मशीन वापरणाऱ्या विद्यार्थ्यानं बिटलॉकर तपासून जुनीच लावून बघावी. बिघडलं तर फॉरमॅट आहेच. टॅली, सेवा केंद्र, डीटीपी, डॉक्टरांचं क्लिनिक यांनी कोरीच टाकावी. अपवाद एकच: ज्या सॉफ्टवेअरचा बनवणारा आता फोन उचलत नाही ते तुमचा धंदा चालवत असेल, तर जुनी विंडोज वाचवा, आणि आधी तिची पूर्ण इमेज (हुबेहूब नक्कल) दुसऱ्या डिस्कवर घ्या.

बोर्ड आधीच उडाला असेल तर सरेंडर, कन्व्हर्ट यातलं काहीच त्या जुन्या मशीनवर करता येत नाही. अशा वेळी नव्या एसएसडीवर विंडोज टाका आणि जुनी डिस्क दुसरी म्हणून जोडा. बिटलॉकर नसेल तर फाइल्स दिसतील. यूजर फोल्डर परवानगी मागेल, 'कंटिन्यू' दाबा. टॅलीसाठी नोंदणीचा ईमेल हाताशी घेऊन, ज्यांच्याकडून ती घेतली त्यांना फोन करा. आणि बसवणाऱ्याला सुरुवातीलाच बजावून सांगा की जुन्या डिस्कचं एकही पार्टिशन डिलीट करायचं नाही.