पिशवी आतून चिकटली आहे का? एक्स-रे, सोनोग्राफी की थेट दुर्बीण

क्युरेटिंगनंतर, म्हणजे पिशवी आतून खरवडून साफ केल्यानंतर, पाळी नुसत्या डागांवर आली किंवा बंदच झाली, हार्मोन्सचे रिपोर्ट मात्र नॉर्मल, तर गर्भपिशवी आतून चिकटल्याची शंका घ्यायला हवी. डॉक्टर याला अशरमन सिंड्रोम म्हणतात. बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर पिशवी मऊ असते. त्या वेळी खरवडताना अस्तराचा तळाचा थर निघाला, की तिथे नवं अस्तर येत नाही आणि समोरासमोरच्या उघड्या भिंती एकमेकींत भरून येतात. आपल्याकडचं दुसरं मोठं कारण म्हणजे जननेंद्रियांचा क्षयरोग.

नळ्यांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, बहुतेकींचा आधीच झालेला असतो. पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसादरम्यान पिशवीत डाय, म्हणजे एक्स-रेवर दिसणारं औषध, सोडतात. चिकटलेल्या जागी तो शिरत नाही आणि फिल्मवर तुटक कडांची मोकळी जागा दिसते. नळ्या उघड्या आहेत का हेही त्यातच कळतं, हा त्याचा मोठा फायदा. पण हवेचा बुडबुडाही अशीच जागा सोडतो. फरक इतकाच, की बुडबुडा गोल असतो आणि पुढच्या फिल्ममध्ये सरकलेला दिसतो. चिकटलेला भाग जागचा हलत नाही. म्हणून एकाच फिल्मवरून ‘पिशवी चिकटली’ असा शिक्का मारून घेऊ नका.

सलाइन सोनोग्राफीत बारीक नळीतून ५ ते १० मिली सलाइन सोडतात. काळ्या पाण्यात चिकटलेले पट्टे पांढऱ्या दोऱ्यांसारखे दिसतात. रेडिएशन नाही, अस्तराची जाडीही कळते. मात्र पिशवीचं तोंडच बंद असेल, तर ना डाय वर जातो ना सलाइन. तेव्हा साधी योनीमार्गातली सोनोग्राफी पिशवीच्या वरच्या भागात अस्तर किंवा साठलेलं रक्त आहे का, एवढं तरी सांगते.

दुर्बिणीने, म्हणजे हिस्टरोस्कोपीने, डोळ्यांनीच दिसतं. साधारण ३ मिमीची दुर्बीण अनेकदा भूल न देताही जाते आणि पातळ पट्टे तिथल्या तिथे कापता येतात. क्युरेटिंग झालंय आणि पाळी घटलीय, अशी दोन्ही लक्षणं असतील तर आमच्या मते थेट दुर्बीणच करावी. नुसती शंका असेल, तर आधी सलाइन सोनोग्राफी पुरे.

कापायचं कशाने? कात्रीने की विजेच्या करंटने? कात्रीने उरलंसुरलं चांगलं अस्तर भाजत नाही, पण रक्त आलं की दिसेनासं होतं. करंटने रक्त थांबतं, पण आजूबाजूचा थर पोळतो. ज्या अस्तराची आधीच वानवा, ते वाचवणारी कात्री आम्हाला बरी वाटते. पिशवी जवळपास बंदच असेल, तर भिंतीला भोक पडण्याचा धोका असतो. अशा वेळी पोटावरून सोनोग्राफीच्या देखरेखीत कापणारे डॉक्टर निवडा.

खरी गोची पुढे आहे. कापलेल्या भिंती पुन्हा चिकटू पाहतात. चिकटणं गंभीर असेल तर प्रमाण मोठं असतं. भिंती वेगळ्या ठेवायला लहान फोलीज कॅथेटरचा (लघवीसाठी घालतात त्या नळीचा) फुगा ३ ते ५ मिली भरून काही दिवस ठेवतात, किंवा हायलुरोनिक अॅसिडचा जेल सोडतात. कॉपर-टी टाळलेली बरी: तांब्याने आत दाह होतो आणि तिची बारीक दांडी दोन्ही भिंतींना पुरत नाही. फुगा जास्त भरला तर दाबाने अस्तराचा रक्तपुरवठाच अडतो. बरोबर इस्ट्रोजेनच्या गोळ्या काही आठवडे आणि शेवटी प्रोजेस्टेरॉन देतात. काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा दुर्बीण घालून बघणं खर्चाचं वाटतं, पण नवे पट्टे तेव्हा पातळ असतात, सहज सुटतात. कोटेशन घेताना हा दुसरा टप्पा त्यात धरलाय का, ते विचारा.

क्षयरोगाची शंका असेल तर आधी अस्तराचा तुकडा हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅटसाठी (मशीनवर क्षयजंतूंची जनुकं शोधणारी तपासणी) पाठवावा. नुसत्या पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) पॉझिटिव्हवर सहा महिन्यांची औषधं सुरू करणं आम्हाला पटत नाही. क्षयामुळे चिकटलेल्या पिशवीत कापण्याचा निकाल क्युरेटिंगवाल्यांपेक्षा कमी चांगला लागतो, शिवाय नळ्याही अनेकदा गेलेल्या असतात. पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सने भरलेला भाग पिशवीत सोडणं, अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. त्यासाठी कर्ज काढू नये.

गर्भ राहिलाच, तर प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना हा इतिहास पहिल्याच भेटीत सांगा. अशा पिशवीत वार (प्लासेंटा) खोल रुतून बसू शकते. ती सोनोग्राफीत मुद्दाम पाहावी लागते आणि बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या हॉस्पिटलातच ठरवावं.